पुढच्या हंगामाच्या महिला स्की: खरा बदल कुठला, नुसता रंग कुठला

जानेवारी-फेब्रुवारीत स्की कंपन्यांचे पुढच्या हंगामाचे कॅटलॉग यायला लागतात आणि जवळपास प्रत्येक पानावर 'नवीन' असा शिक्का असतो. महिला स्कींच्या पानांवर तर जास्तच. त्यातल्या बऱ्याच जोड्यांचं नवेपण वरच्या चित्रापुरतं असतं: आतलं लाकूड तेच, साचा तोच, जांभळा जाऊन निळा आला एवढंच. काहींत मात्र साचाच बदलतो आणि तुमच्या सवयीची लांबी यादीतून गायब होते. मार्चमध्ये स्वस्तात सुटलेली जुनी जोडी उचलायची की ऑक्टोबरपर्यंत थांबायचं, हे या फरकावर ठरतं. तो फरक आकड्यांतून कळतो, कॅटलॉगच्या विशेषणांतून नाही.

आधी वर्षाचा घोळ मिटवू. अमेरिकेतल्या दुकानांत '२०२६ मॉडेल' म्हणजे २०२५-२६ च्या हिवाळ्यातली स्की. युरोपात तीच '२५/२६' अशी लिहितात. त्यामुळे एप्रिल २०२६ मध्ये सवलतीत दिसणारं '२०२६' चालू हंगामाचं असतं, येणाऱ्या हंगामाचं नाही. ऑनलाइन घेताना मॉडेलच्या नावाआधी हे वर्ष तपासा, कारण कंपन्या नाव तेच ठेवून आतली स्की बदलतात.

महिला स्की म्हणजे नेमकं काय

बाजारात या नावाखाली तीन प्रकार विकले जातात.

पहिला प्रकार: स्की तीच, चित्र वेगळं आणि लांब्या थोड्या कमी. सॅलोमनची क्यूएसटी लुमेन ९८ आणि क्यूएसटी ९८ हे याचं सरळ उदाहरण. फोल्कलची सीक्रेट ९६ आणि मँट्रा याही एकाच कुळातल्या. इथे 'महिला' हा शब्द मापांच्या यादीपुरता आणि रंगापुरता असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त जास्त पैसे मोजू नका. दोन्ही आवृत्त्यांत तुमची लांबी मिळत असेल तर जी स्वस्त ती घ्या.

दुसरा प्रकार: साचा तोच, पण आतलं सारण हलकं. बीच किंवा अ‍ॅश या लाकडांऐवजी हलकं पॉलोनिया, पॉपलर. टिटॅनलचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, पत्रा पातळ किंवा अर्धवट. महिला स्कींत दरवर्षी सगळ्यात जास्त फेरफार इथेच होतात, आणि कॅटलॉगमध्ये ते एका ओळीत उरकतात.

तिसरा प्रकार: साचाच वेगळा. बूट बसवण्याची रेषा पुढे, टोकाचा उचल लांब, शेपूट मऊ. सुरुवातीच्या आणि मध्यम पातळीच्या पिस्ट स्कींत, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांवरच्या स्कींत, हा प्रकार जास्त सापडतो.

नवं मॉडेल दिसलं की आधी ते यांपैकी कुठे बसतं ते ठरवा. अलीकडे काही कंपन्या पहिल्या प्रकाराला वेगळं नाव देणंच बंद करू लागल्या आहेत: एकच स्की, १५० च्या आसपासपासून १९० पर्यंत. तुमच्या आवडीची महिला मालिका पुढच्या यादीत दिसली नाही तर घाबरू नका, तिची जुळी बहीण युनिसेक्सच्या पानावर शोधा.

पाच आकडे शेजारी लिहा

जुन्या आणि नव्या मॉडेलचे हे आकडे कागदावर शेजारीशेजारी उतरवा, तेही एकाच लांबीचे: टोक-कंबर-शेपूट रुंदी मिलिमीटरमध्ये, वळणाची त्रिज्या मीटरमध्ये, एका स्कीचं वजन ग्रॅममध्ये, उपलब्ध लांब्या आणि बूट बसवण्याची रेषा. कंबर म्हणजे मधला, सगळ्यात अरुंद भाग. कॅम्बर वेगळं: जमिनीवर ठेवलेल्या स्कीचा मधला भाग कमानीसारखा उचललेला असतो, ते कॅम्बर. दुकानदार दोन्ही शब्द एका दमात बोलतो आणि मराठी कानाची फसगत होते.

एक नमुना घेऊ. जुनी १६४ सेंमी स्की: १२८-८८-११०, त्रिज्या १४, वजन १,६२०. नवी: १२८-८८-११०, त्रिज्या १४, वजन १,६२०. हा रंगाचा बदल आहे, जुनी घ्या. नवीचं वजन १,५२० असेल तर साचा तोच पण सारण बदललं, म्हणजे काय काढलं ते विचारायला हवं. आणि १३०-९०-११४, त्रिज्या १३, लांब्याही वेगळ्या असतील तर साचाच नवा आहे. अशी स्की प्रत्यक्ष चालवून बघितल्याशिवाय जुनीच्या अनुभवावर घेऊ नये.

लांबी एकच हवी हा आग्रह का? कॅटलॉगमधले आकडे बहुतेक एका संदर्भ लांबीचे असतात आणि लांबीबरोबर रुंदी, त्रिज्या, कधीकधी कंबरही बदलते. १७१ ची त्रिज्या १६ असेल तर १५९ ची १३-१४ असू शकते. महिला ग्राहक सहसा आखूड माप घेते, त्यामुळे संदर्भ लांबीचे आकडे तिच्या जोडीला लागू नसतात. वजनाचंही तसंच. शिवाय पिस्ट स्की बाइंडिंगसकट, म्हणजे बूट स्कीवर अडकवणाऱ्या पकडीसकट, विकतात. वजन स्कीचं आहे की बाइंडिंग धरून, ते बघा.

नावातल्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नका. ब्लिझार्डच्या शीवा ९, १०, ११ मधला आकडा कमरेची रुंदी सांगत नाही. उलट नॉर्डिकाच्या सांता आना मालिकेत तो सांगतो, आणि २०२४-२५ ला ८८, ९३, ९८ जाऊन ८७, ९२, ९७ आले. एक मिलिमीटरने पायाखाली काही फरक पडत नाही, पण नावातला आकडा सरकला की साचा नवा आहे हे पक्कं. त्याच हंगामात ब्लिझार्डच्या ब्लॅक पर्लमध्ये ९७ च्या जागी ९४ आली.

साचा बनवणं खर्चिक काम आहे. म्हणून एक साचा साधारण तीनेक हंगाम चालवतात आणि मधल्या वर्षी चित्र बदलतात. तुमची मालिका साचा बदलून नुकतीच आली असेल तर पुढच्या वर्षी मोठं काही घडण्याची शक्यता कमी. तीन वर्षं जुनी असेल तर थांबून बघण्यात अर्थ आहे.

वजन उतरलं, म्हणजे काय झालं

हलकं म्हणजे महिलांसाठी चांगलं, असं कॅटलॉग धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. स्कीने वळण घ्यायला वाकावं लागतं आणि ती वाकते तुमच्या वजनाने आणि वेगाने. ५० किलोची व्यक्ती संथ वेगात दोन पूर्ण पत्र्यांच्या ताठ स्कीवर उभी राहिली की स्की वाकतच नाही; वळण पुरं होत नाही, माणूस मागे रेलतो आणि अकरा वाजेपर्यंत मांड्या भरून येतात. अशा वेळी हलकं, मऊ सारण खरोखर मदत करतं.

पण त्याच स्कीवर कडक, गोठलेल्या सकाळी वेग घ्या. पत्र्याचं एक काम कंपन शोषायचं असतं. तो काढून कार्बन घातला की ताठपणा राहतो, वजन उतरतं, पण टोक फडफडतं आणि एज, म्हणजे कडेची पोलादी धार, बर्फात धरून राहत नाही. चुरा-चुरा झालेल्या दुपारच्या बर्फात हलकं टोक प्रत्येक ढिगाऱ्यावर उडतं. म्हणून ढोबळ हिशेब असा: ८५ ते ९० कमरेच्या, १६० च्या आसपासच्या स्कीत १,४०० ग्रॅमच्या खालचं वजन डोंगर चढून जाणारीला सोयीचं, लिफ्टने वर जाऊन जोरात उतरणारीने १,६०० च्या वर राहावं. ६५-७० किलो वजनाची, पोक्त तंत्राची स्कीअर असेल तर तिने महिला आवृत्ती सोडून युनिसेक्सची आखूड लांबी बघावी.

'नवीन सारण' असं वाचलं की दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: टिटॅनल टोकापासून शेपटीपर्यंत आहे, पायाखालीच आहे, की कडेने आहे? लाकूड कुठलं? सगळ्या लांब्यांना जाडी तीच आहे, की आखूड लांबीला पातळ केली आहे? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लांबीगणिक सारण बदलणारी कंपनी १५२ च्या ग्राहकाचा विचार करते. न बदलणारी १७० ची स्की कापून १५२ विकते, आणि ती गरजेपेक्षा ताठ लागते.

दुकानात हाताने तपासा

दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा. मध्ये जी फट दिसते ते कॅम्बर. आता कमरेपाशी दोन्ही हातांनी दाबून फट मिटवा आणि टोकाकडे बघा: तळ एकमेकांपासून सुटतात कुठे? तिथपासून टोकापर्यंतचं अंतर टेपने मोजा. हा पुढचा रॉकर. मग शेपटीकडे तेच करा. जुनीत हे अंतर २२ सेंमी होतं आणि नवीत ३२ भरलं, तर कडक बर्फाला टेकणारी एज दहा सेंटिमीटरने घटली. अशी स्की पायाला आखूड वाटते, भुसभुशीत बर्फात तरंगते, आणि चकचकीत पिस्टवर पकड कमी देते. कॅटलॉगमध्ये हे सहसा 'सहज वळते' या दोन शब्दांत येतं.

बॅगा तोलायचा हातातला काटा बरोबर न्या आणि प्रत्येक स्की वेगळी तोला. लाकूड हे लाकूडच, दोन स्कींत थोडा फरक पडतो. जास्त तफावत वाटली तर दुसरी जोडी मागा. दोन स्कींच्या वजनात फार अंतर असलेल्या जोड्याही कधीमधी निघतात.

शेपूट जमिनीवर टेकवून, टोक हातात धरून, कमरेला ढकला आणि वाक कसा पडतो ते बघा. एकट्या स्कीवरून यातून फार कळत नाही. जुनी आणि नवी शेजारी असेल तर लगेच कळतं.

लांबीची यादी बदलली तर

१५८, १६४, १७० अशा मापांऐवजी नव्या साच्यात १५५, १६१, १६७ आली की अडचण होते. उंची ही पहिली खूण, वजन दुसरी, आणि दोन्ही जुळत नसतील तर वजनाचं ऐका. १६० सेंमी उंच, ५५ किलो: शिकाऊ असेल तर १४६ ते १५२, मध्यम १५२ ते १५८, जोरकस १५८ ते १६६. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर पुढचा रॉकर मोजून ठरवा. तो लांब असेल तर मोठं माप, आखूड असेल आणि तुम्ही पिस्टवरच राहणार असाल तर लहान.

कंपन्या लांबी सारख्या पद्धतीने मोजत नाहीत. एकीची १६४ दुसरीच्या १६४ पेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने आखूड निघते. शंका असेल तर दोन्ही भिंतीला टेकवून उभ्या करा.

बूट बसवण्याची रेषा

इथे महिला स्कींत खरोखर काही तरी वेगळं असतं, आणि चुकाही इथेच होतात. स्त्रियांचा गुरुत्वमध्य सरासरीने खाली असतो. शिवाय लहान बुटात पायाचा चवडा बुटाच्या मध्यरेषेपासून कमी पुढे पडतो. म्हणून स्वतंत्र साच्याच्या महिला स्कींत बाइंडिंगची रेषा एक-दोन सेंमी पुढे घेतात, म्हणजे टोकावर भार देणं सोपं जातं.

मोजायची रीत: स्कीची लांबी टेपने मोजून निम्मी करा. मग शेपटीपासून रेषेपर्यंतचं अंतर वजा करा. १६४ चे निम्मे ८२, शेपटीपासून रेषा ७४ वर, म्हणजे ती मध्यापासून ८ सेंमी मागे. नव्या मॉडेलमध्ये हीच ६ वर आली असेल तर स्की जास्त गिरकीबाज झाली. ९-१० वर असेल तर सरळ, वेगवान वळणांची.

चूक कशी होते? काही दुकानांत 'बाई आहे, एक सेंमी पुढे घ्या' ही सवय जुनी आहे. महिला साच्यात रेषा आधीच पुढे असते, त्यावर आणखी पुढे घेतली की ताज्या बर्फात टोक बुडतं. त्यामुळे स्वतंत्र साच्यावर कारखान्याच्या रेषेवरच बसवा. पहिल्या प्रकारात, म्हणजे जुळ्या स्कींत, रेषा सहसा युनिसेक्सचीच असते. तिथे लहान बूट असेल तर एक सेंमी पुढे घेऊन बघणं योग्य. भोक पाडण्याआधी डेमो, म्हणजे चालवून बघायची, जोडी घ्या. डेमो बाइंडिंग पुढे-मागे सरकतं. एकाच उतारावर शून्य, मग अधिक एक, मग उणे एक असे तीन फेरे मारा. डेमो बाइंडिंग जड असतं, त्यामुळे वजनाबद्दल त्यावरून मत बनवू नका.

जुनं बाइंडिंग नव्या स्कीवर

कंबर ८८ वरून ९४ झाली आणि बाइंडिंगचा ब्रेक, म्हणजे सुटलेली स्की थांबवणारे दोन दांडे, ९० चा असेल तर तो बसणार नाही. ब्रेक कमरेइतका किंवा त्याहून फार तर १५ मिमी रुंद असावा. त्याहून रुंद ब्रेक वळताना बर्फात घासतो.

बुटाचा तळ बघा. आता बरेच महिला बूट ग्रिपवॉक तळाचे येतात, चालायला सोपे, किंचित गोलाकार. 'जीडब्ल्यू' किंवा ग्रिपवॉकची खूण नसलेलं जुनं अल्पाइन बाइंडिंग त्यांना चालत नाही; बूट बसलेला दिसतो, पण वेळेवर सुटेल याची खात्री नसते. कंपन्या आपल्या जबाबदारीखालच्या बाइंडिंगची यादी दरवर्षी दुकानांना देतात. त्यातून गळालेलं बाइंडिंग दुकान तपासत नाही, कितीही विनवण्या केल्या तरी.

मोकळेपणाचा आकडा, म्हणजे किती जोर आला की बूट सुटावा ते सांगणारा, ज्याला दुकानात 'डिन' म्हणतात, तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगचा प्रकार यांवरून तक्त्यातून काढतात. पन्नाशीनंतर तो एक घर खाली येतो. ५० ते ६० किलोच्या मध्यम स्कीअरचा आकडा साधारण ४ ते ६ मध्ये पडतो, म्हणून ३ ते १० किंवा ३.५ ते ११ पल्ल्याचं बाइंडिंग बरं. ५ ते १४ पल्ल्याचं 'भारी' म्हणून घेतलं तर आकडा पट्ट्याच्या अगदी टोकाला येतो. पेच स्वतः फिरवू नका. मशीनवर तपासून घ्या.

भोक पाडताना सारण पुन्हा आठवा. पत्रा असलेल्या स्कीला ४.१ मिमीचं ड्रिल, नसलेल्याला ३.५, खोली ९. माप बऱ्याचदा स्कीवरच छापलेलं असतं. बिनपत्र्याच्या स्कीला ४.१ मारलं की स्क्रू सैल राहतो, पत्र्याला ३.५ मारलं की स्क्रूभोवती वरचा थर फुगतो. जुन्या मॉडेलला पत्रा होता आणि नव्यात काढला असेल तर कारागिराला आवर्जून सांगा, नाव तेच असल्याने तो सवयीने जुनं ड्रिल उचलेल. आणि जुनी भोकं असतील तर नवी किमान १० मिमी दूर हवीत.

पहिल्या दिवसाआधी

कोरी स्कीही सपाट असेलच असं नाही. तळावर पोलादी पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघा. मध्ये उजेड दिसला आणि दोन्ही एज उंच असल्या तर स्की पायाखाली अडखळते, फिरत नाही. अनेकींना वाटतं नवं मॉडेल आपल्याला झेपत नाही, आणि दोष असतो तळाचा. दुकानातून दगडावर घासून सपाट करून घ्या. सर्वसाधारण वापराला एजचा तळाकडचा कोन १ अंश, बाजूचा २ अंश. कडक पिस्टवरच जाणार असाल तर बाजूचा ३. बाजूचा कोन खरा किती आहे हे बघायला एजवर मार्करने रेघ ओढा, २ अंशाचा गाइड लावून फाइल एकदाच हलकी फिरवा. शाई सगळी निघाली तर २ अंश आहे; वरच्या किंवा खालच्या कडेलाच निघाली तर नाही.

मग गरम मेण, दोन-तीन वेळा. धूर निघाला तर इस्त्री जास्त तापली आहे.

जुन्या साठ्यातली जोडी घेताना तळ पांढरट कोरडा पडला असेल तर मेणाने भरून येतो. एजवरचा वरवरचा गंज रबराने निघतो, पण आत शिरलेल्या गंजाची जोडी नको. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून धरतात, तेव्हा बिल जपा.

कुठे चालवणार

न्यू जर्सी-बोस्टनकडच्या मराठी मंडळींच्या वाट्याला व्हरमाँटचा बर्फ येतो, बहुधा गोठलेला: ७८ ते ८८ कंबर, पत्रा असलेली. बे एरियातून टाहोला जाणाऱ्यांना ओला, जड बर्फ मिळतो, तिथे ९० ते ९८. म्युनिक-झुरिककडून आल्प्सच्या पिस्टवर ७२ ते ८५. स्की दुबईचा सगळ्यात लांब उतार ४०० मीटर, तेव्हा तिथे स्वतःच्या नव्या जोडीची चर्चाच नको.

गुलमर्गला अफरवटवर, गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यापलीकडे, म्हणजे ३,९०० मीटरच्या वर, बर्फ खोल आणि बिनसाफ असतो: १०० ते ११०, लांब रॉकर, आणि सोबत हिमस्खलनात गाडलेल्याला शोधून काढायचं सामान: बीकन, फावडं, प्रोब. खालच्या शिकाऊ उतारांवर ही स्की लोढणं होते, तिथे ७५ ते ८५ भाड्याने घ्या. आठवड्याच्या सहलीसाठी स्की विकत घेण्याआधी बूट घ्या, कारण भाड्याच्या स्कीने दिवस निभावतो, भाड्याच्या बुटाने नाही. आणि स्वतःची जोडी विमानाने न्यायची असेल तर १,७०० ग्रॅमच्या दोन स्की, प्रत्येकी किलोभर बाइंडिंग, काठ्या आणि बॅग मिळून आठेक किलो होतात. बूट त्यात घातले की बारा.